स्टिअरिंगच्या पार्टला गॅस लावू दिला नाही

फोरमननं टाय रॉड, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा, डोळ्यासमोर आडवा धरला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं नजर टाकली आणि म्हणाला, "शेठ, गॅस मारून सरळ करून देतो. आर्म पण जाग्यावरच तापवून ओढून घेऊ. दुपारच्या आत गाडी रस्त्यावर."

रॉड मधोमध चांगलाच वाकला होता. डाव्या चाकाच्या स्टब ॲक्सलला (चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासोबत वळतं तो भाग) जोडलेला आर्म मात्र वाकलाय की नाही, हे नुसतं बघून कळत नव्हतं. उजव्या आर्मशेजारी नजर नेली की काहीतरी फरक वाटायचा, एवढंच. मी त्यांना सांगितलं, "अण्णा, यातल्या कशालाच गॅस लावायचा नाही. पार्ट नवे येतील, तोवर गाडी इथंच उभी राहील." त्यांना ते पटलं नाही. त्यानंतर जे काय झालं आणि त्यात जे शिकायला मिळालं, ते सविस्तर लिहितो. आपल्याकडं मालवाहू गाडी असलेल्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

गाडी आमची जुना ४०७ टेम्पो. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला निघाली होती. पावसाचे दिवस, माळशेज घाट उतरताना रस्त्यावर वरून आलेले दगड पडलेले. ड्रायव्हरनं एक मोठा दगड चुकवला, पण डावं चाक साइडपट्टीवरून खाली गेलं आणि मोरीच्या कठड्याला लागलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढू लागली आणि टायर घासल्याचा आवाज यायला लागला, तशी त्यानं तिथंच गाडी थांबवली. चाकांना दगड लावले आणि मला फोन केला. घाट उतरून सपाटीला तरी जाऊ, असा विचारही त्यानं केला नाही, याचं मला आजही फार मोल वाटतं.

मी आधी मालाची सोय केली. ओळखीच्याची दुसरी गाडी पाठवली, क्रेट तिच्यात हलवले आणि माल बाजाराला रवाना केला. मग क्रेननं पुढची बाजू उचलून टेम्पो घाटाखालच्या एका गॅरेजला नेला. हा क्रम महत्त्वाचा आहे. टोमॅटो गाडीत सडत असताना मालकाला कोणी "अर्ध्या तासात करून देतो" म्हणालं, तर तो हो म्हणतोच. त्या घाईत घेतलेल्या निर्णयांची गाडी मग वर्षानुवर्षं रस्त्यावर पळत राहते.

स्टिअरिंगची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या गाडीला पुढं सलग ॲक्सल आहे. आपण चाक फिरवलं की स्टिअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म हलतो, तो ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक एका बाजूच्या स्टब ॲक्सलला फिरवते आणि टाय रॉड ती हालचाल दुसऱ्या बाजूच्या चाकाकडं नेतो. सगळी एकच साखळी. ब्रेक गेला तर हँडब्रेक असतो, खालचा गिअर असतो, अगदीच वेळ आली तर डोंगराची बाजू असते. टाय रॉड तुटला तर दोन्ही चाकं आपापल्या दिशेनं जातात आणि ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरत नाही. ड्रॅग लिंक तुटली तर स्टिअरिंग नुसतं गरगर फिरतं. या साखळीतल्या कुठल्याही कडीला पर्याय म्हणून दुसरी कडी दिलेली नाही. गॅस लावायला माझा विरोध होता त्याचं मूळ इथं आहे.

अण्णा अनुभवी माणूस. हातात कसब आहे, हे त्यांनी रॉड ज्या पद्धतीनं सोडवला त्यावरूनच कळत होतं. त्यांचं म्हणणं असं, "मी इतकी वर्षं हेच करतोय. आजवर एक पण गाडी परत आली नाही." खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. पण घाटाखालच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्या जुन्नरच्या, नगरच्या, कल्याणच्या, भिवंडीच्या. वर्षभरानं तिकडं कुठं आर्म तुटला तर ती गाडी या अण्णांकडं कशाला येईल? ती जवळच्या क्रेनवाल्याकडं जाईल आणि पंचनाम्यात "चालकाचा ताबा सुटला" असं लिहिलं जाईल. परत आली नाही म्हणजे तुटली नाही, असा अर्थ निघत नाही.

मी नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, फोन लावला. त्यांची उभी हयात चाकणच्या बाजूच्या एका फोर्जिंग कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अजून गॅस लावलेला नाही ना?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग अण्णांना फोन दे." फोन स्पीकरवर टाकला आणि गॅरेजमधली सगळीच माणसं ऐकायला जमली.

नानांनी सुरुवात लोहारापासून केली. लोहार विळा घडवतो, लाल तापवतो आणि धारेला पाणी देतो. पाणी दिल्यावर धार कडक होते, पण काचेसारखी फुटकीही होते, म्हणून तो ती परत हलकीशी तापवतो, रंग पिवळसर होताना बघतो आणि थांबतो. कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ त्या शेवटच्या तापवण्यात असतो. आता तोच विळा कोणी चुलीत लाल होईपर्यंत ठेवला तर काय होईल? दिसायला विळा तसाच राहील, पण पाणी उतरलेलं असेल. स्टिअरिंगचे आर्म, स्टब ॲक्सल, ड्रॉप आर्म यांचंही असंच. साधारण ०.४ टक्के कार्बन असलेलं पोलाद, कधी त्यात क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं. तप्त लोखंड साच्यात दाबून त्याला आकार देतात, मग साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात थंड करतात आणि शेवटी पुन्हा साधारण ५५० ते ६५० अंशांपर्यंत नेऊन चिवट करतात. पार्टची ताकद या शेवटच्या पायरीनं ठरते.

"आता तुमचा गॅस," नाना म्हणाले. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीचं टोक ३००० अंशांच्या वर असतं. दिवसाउजेडी लोखंड लालसर दिसायला लागलं, तेव्हाच ते कारखान्यानं दिलेल्या शेवटच्या तापमानाला पोहोचलेलं किंवा ओलांडून गेलेलं असतं. वाकवण्याइतकं मऊ व्हायला ते चांगलं लालभडक करावं लागतं, म्हणजे सातशेच्या वर. तिथं कारखान्यातली सगळी मेहनत पुसली जाते. तेही सगळ्या पार्टची नाही, ज्योत जिथं फिरली तेवढ्याच टापूची. म्हणून एकाच आर्मवर एक भाग मऊ, शेजारचा कडक आणि मधे दोन्हींची सीमा. खड्ड्यातला प्रत्येक दणका त्या सीमेवर येऊन बसतो. आणि सरळ केल्यावर लवकर हात लावता यावा म्हणून वर पाणी ओतलं तर आणखी वाईट, कारण ०.४ टक्के कार्बनच्या पोलादावर लाल असताना पाणी पडलं की त्याची कातडी ठिसूळ होते आणि तिला बारीक तडे जाऊ शकतात.

अण्णांनी मग जो मुद्दा काढला, तो खरंच चांगला होता. म्हणाले, "आर्मचं पटलं नाना. पण टाय रॉड तर साधा जाड पाइप आहे. त्याला कुठलं पाणी दिलेलं असतंय?" नानांनी ते मान्य केलं. बऱ्याच टाय रॉडना आर्मसारखी हीट ट्रीटमेंट नसते. पण टाय रॉडवर ओढ येते तसा दाबही येतो आणि लांब, बारीक रॉड दाबाखाली तग धरतो तो निव्वळ सरळपणाच्या जोरावर. एकदा वाकलेला पाइप त्या जागी चपटलेला असतो. डोळ्याला सरळ दिसला तरी त्यात किंचित बाक उरतो आणि पुढचा दणका कमी जोराचा असला तरी तो तिथंच पुन्हा मुडपतो. गार स्थितीत प्रेसवर सरळ केला तरी हे चुकत नाही, वर वाकवण्या-सरळ करण्याच्या ताणात आट्यांच्या मुळाशी तडा जायची भीती राहतेच. तेव्हा वाकलेला टाय रॉड बदलायचा, मग तो पाइप असो नाहीतर भरीव.

वेल्डिंगचा विषय आमच्याकडं निघायचं कारण नव्हतं, पण शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. त्याच्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग आर्मला गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं वेल्डिंग करून दिलं होतं. "शिलाई एकदम जाड मारलीये," तो सांगत होता. नाना म्हणाले, "तुटेल तेव्हा शिलाईवर तुटणारच नाही, शिलाईच्या कडेला तुटेल." वेल्डिंगच्या लगतची पट्टी क्षणात हजारभर अंशांवर जाते आणि आजूबाजूचं गार लोखंड तिची उष्णता तेवढ्याच झटक्यात ओढून घेतं. पाणी न ओतताच तिला पाणी दिल्यासारखं होतं आणि ती ठिसूळ बनते. त्यात पावसाळ्यात उघड्या पाकिटातल्या वेल्डिंगच्या रॉडनं हवेतला ओलावा शोषलेला असतो. त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि या ठिसूळ पट्टीला आतून चिरत नेतो. हा तडा वेल्डिंग गार झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही जातो. वेल्डरनं ठोकून बघितलं, चांगलं वाजलं, गाडी गेली, आणि तडा त्यानंतर पडला, असं होतं. अशा पोलादाला वेल्डिंग करायचंच झालं तर आधी पार्ट दोनशे-तीनशे अंशांवर तापवणं, भट्टीत वाळवलेले कमी हायड्रोजनचे रॉड, नंतर सावकाश गार करणं, पुन्हा हीट ट्रीटमेंट आणि शेवटी तपासणी, एवढा पसारा लागतो. रस्त्याकडेच्या शेडमध्ये यातलं काही नसतं. आणि एवढं करूनही गाडी बनवणाऱ्या कंपन्या स्टिअरिंगचे पार्ट तापवायला, वाकवायला, वेल्ड करायला नकोच म्हणतात. अमेरिकेत मोठ्या मालगाड्यांच्या केंद्रीय नियमांत तर स्टिअरिंगचे बॉल जॉइंट (दांडे जोडणारे फिरते सांधे) वेल्डिंगनं दुरुस्त केलेले चालणार नाहीत, असं सरळ लिहिलेलं आहे.

ट्रॅक्टरवाला बराच वेळ गप्प उभा होता. आर्म बदलायला किती लागतील एवढं त्यानं विचारलं. ट्रॅक्टर शेतात हळू चालतो हे खरं, पण ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं लावून तो हमरस्त्यानं साखर कारखान्यापर्यंतही जातो.

आता आमच्या कामाकडं वळतो. टाय रॉडची एक बाजू सुटली, दुसऱ्या बाजूचा बॉल जॉइंट आर्ममध्ये गच्च बसला होता. तिथली पिन निमुळती असते, वर्षानुवर्षं एकदा बसली की बसली. गॅरेजमधला पोरगा सवयीनं गॅसची नळी घेऊन आला. अण्णांनीच त्याला थांबवलं, याचा मला आनंद झाला. जॉइंटमध्ये ग्रीस असतं, वर रबराची टोपी असते, पुष्कळ जॉइंटांत आत प्लास्टिकची वाटी असते. बंद जॉइंट तापला तर आतला दाब वाढून तो फुटूही शकतो. आणि जॉइंट टाकूनच द्यायचा असला तरी तो ज्या आर्ममध्ये बसलाय त्या आर्मलाही तीच आच लागते. आर्मच्या डोळ्याच्या, म्हणजे पिन बसते त्या भोकाच्या, एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि विरुद्ध बाजूनं दुसऱ्या हातोड्याचा खणखणीत फटका द्यायचा. डोळा क्षणभर किंचित दबतो आणि पिन निसटते. नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे ठेवायचे, नाहीतर रॉड अंगावर पडतो. आमचा जॉइंट फटक्यांनी हलला नाही, पुलर लावल्यावर सुटला.

मग तपासणी. मी कल्याणहून डाय पेनिट्रंटचे तीन डबे मागवले होते: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढरा. पार्ट तेल-ग्रीस काढून लख्ख पुसायचा, लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा रंग नीट पुसून घ्यायचा आणि पांढरं डेव्हलपर फवारायचं. कुठं तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. दोन्ही स्टब ॲक्सल, दोन्ही आर्म, ड्रॅग लिंक, ड्रॉप आर्म असं सगळं बघितलं. कुठंही रेघ आली नाही. पण ही परीक्षा पृष्ठभागावर उघडलेला तडाच दाखवते. आट्यांच्या खाचांत डाय अडकून राहतो, तिथं काहीच वाचता येत नाही. आतला दोष दिसत नाही, पोलादाचं पाणी उतरलंय का तेही कळत नाही. म्हणून तडा न सापडणं हे वाकलेला पार्ट परत वापरायला कारण ठरत नाही.

डावा आर्म वाकलाय हे शेवटी मापानं कळलं. दोन्ही आर्म काढून पत्र्यावर एकाचा आकार आखला, तो पत्रा उलटा करून दुसरा त्यावर ठेवला. भोक जागेवर येईना. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ही फसगत नेहमी होते. आर्म वाकलेला असतानाही टाय रॉड फिरवून दोन्ही चाकं सरळ रस्त्याला समांतर करता येतात. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, त्यामुळं रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते आणि टो, म्हणजे सरळ धरलेली दोन चाकं एकमेकांना किती समांतर आहेत ते माप, जुळतो. गाडी सरळ रस्त्यावर गुणी चालते, मालक खूश होतो. वळणावर मात्र आतल्या आणि बाहेरच्या चाकाचा कोन चुकलेला असतो, टायर फरफटतात आणि वाकलेल्या आर्मवरचा ताण वाढत जातो. म्हणून अलाइनमेंटवाल्याला फक्त टो विचारू नका. चाकं डावीकडं आणि उजवीकडं पूर्ण वळवून दोन्ही बाजूंचे कोन सारखे येतात का, ते बघायला सांगा.

पार्ट मिळवताना भंगारातला आर्मही सुचवला गेला, किंमत निम्म्याहून कमी. मी बघून आलो. रंग एका जागी करपून गेलेला, त्याखाली निळसर झाक आणि लोखंडाचे पापुद्रे, एका अंगाला हातोड्याचे चट्टे. तोही कोणीतरी तापवून सरळ केलेला. बरं, अशा खुणा ग्राइंडर आणि काळ्या रंगानं पाच मिनिटांत झाकता येतात, तेव्हा खुणा नसल्या म्हणून भंगारातला स्टिअरिंग पार्ट घ्यावा असंही नाही. शेवटी पुण्यातल्या नाना पेठेतून पक्क्या बिलासह नवा आर्म, नवा टाय रॉड आणि दोन्ही टोकांचे जॉइंट मागवले. सगळं मिळून खर्च टायरच्या एका जोडीपेक्षा कमी आला.

बसवताना अण्णांनी फार मन लावून काम केलं. निमुळती पिन आणि तिचा डोळा कोरडा पुसून घेतला, तिथं ग्रीस लावायचं नसतं. कॅसल नट, म्हणजे वर खाचा असलेला नट, टॉर्क पान्यानं आवळला. नट सुटू नये म्हणून खाचेतून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही, तेव्हा नट मागं न सोडता थोडा पुढं आवळून खाच जुळवली. स्प्लिट पिन नवी टाकली, जुनी सरळ करून परत वापरली नाही. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम हेच सांगतो: स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांहून जास्त ढिलाई नको, बॉल जॉइंटवर रबराच्या टोप्या हव्यात, बोल्ट आणि पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. पासिंगला जाताना आपण रंग आणि रिफ्लेक्टरची जेवढी काळजी घेतो, तेवढी या तीन गोष्टींची घ्यायला हवी.

जुना आर्म आणि टाय रॉड मी तिथं तसाच सोडला नाही. दोन्ही गॅस कटरनं मधोमध कापायला लावले. अख्खा आर्म भंगारात गेला असता, तर मी बघून आलेल्या त्या आर्मसारखाच सरळ होऊन, काळा रंग लावून कुणाच्या तरी गाडीला लागला असता.

गॅरेजमध्येच हौद्याच्या फाळक्याची तुटलेली बिजागरी वेल्ड करून घ्यायची होती, ती मात्र केली. हौद्याला वेल्डिंग करायला काही हरकत नाही. फक्त बॅटरीच्या केबल काढून ठेवायच्या आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, खरवडून साफ केलेल्या लोखंडाला लावायचा. पुष्कळदा तो सोयीचा म्हणून ॲक्सलला नाहीतर चाकाच्या नटाला अडकवतात. मग करंट बेअरिंगमधून आणि जॉइंटांमधून जातो, आत ठिणग्या पडतात, गोट्यांवर आणि वाट्यांवर खड्डे पडतात. स्टिअरिंगला हात न लावता स्टिअरिंगची वाट लागते ती अशी.

अलाइनमेंट मुरबाडला करून घेतली, दोन्ही बाजूंचे कोन जुळले. घाट चढताना मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत होतं, हात सोडला तरी गाडी ओढत नव्हती. पुढच्या आठवड्यात एक रिकामी आणि एक भरलेली फेरी झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासले, स्प्लिट पिना जागेवर होत्या. आता दर रविवारी गाडी धुतल्यावर एकजण केबिनमध्ये बसून स्टिअरिंग डावीकडं-उजवीकडं हलवतो, दुसरा खाली आडवा पडून एकेका जॉइंटवर बोट ठेवून ढिलाई लागते का ते बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हर हे माझ्या आठवणीवर सोडत नाही, तोच मला हाक मारतो.